थ्रॉटलमधला आवाजाचा पॉट

माझं आणि माझ्या नणंदेचं महिनाभर एका दांड्यावरून वाजलेलं होतं. दांडा मी बनवला होता आणि त्यात खोट आहे असं ताईंचं म्हणणं. खोट दांड्यात नाही, तुमच्या डोळ्यात आहे, असं मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली. पण माझा स्वभाव असा की आपलं चुकलं हे कळलं की मी आणखी ताठ होते. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी मध्यस्थामार्फत बोलत होतो. मध्यस्थ म्हणजे माझा नवरा. ताई त्याला बारक्या म्हणतात. कामाच्या खोलीच्या दारातून आत येताना तो जरा तिरका होऊन येतो, इतका बारीक आहे.

ताईंचा उजवा डोळा केव्हाच गेलेला. मी सांगतेय त्या दिवशी डाव्याचं ऑपरेशन दुसऱ्या सकाळवर आलं होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. वाचला तर वाचला, नाहीतर आज दिसतंय तेही जाईल, आणि काहीच न करता बसलात तर थोड्या दिवसांत जाणारच आहे. खेळाच्या पडद्याकडे बघून काही बिघडणार नाही, डोळा दमेल, पाणी येईल, असंही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून ताईंनी ठरवलं होतं की आज दुपारी एक डाव खेळायचा. त्यांना खेळातलं विमान शेवटच्या विमानतळावर उतरवायचं होतं आणि तिथे काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यानं बघायचं होतं.

खेळ जुना. ताई शाळेत असताना बाजारात एक गेमचं दुकान होतं, तिथलं हे विमानाचं यंत्र. उजव्या हाताला वळवायची स्टिक, डाव्या हाताला थ्रॉटल. थ्रॉटल म्हणजे वेगाचा दांडा. पुढे ढकलला की इंजिन जोरात, मागे ओढला की हळू, आणि मधे जिथे ठेवाल तिथे तेवढाच वेग. दुकानात ताई एकट्या मुलगी, आणि त्या खेळायला बसल्या की मागे पोरांची गर्दी, असं नवरा सांगतो. तोही त्या गर्दीत असायचा, ताईंचं दप्तर सांभाळत. शेवटच्या उतरणीपर्यंत ताई कितीदा तरी पोचल्या, पण विमान काही खाली टेकलं नाही. बाकी कोणी तिथवरही गेलं नव्हतं. मग दुकान बंद पडलं आणि यंत्र भंगारात गेलं. शेवटी काय आहे ते कोणालाच कळलं नाही.

डोळ्याचं समजल्यावर नवऱ्यानं त्याच खेळाचा सर्किट बोर्ड शोधून आणला. कुठे कुठे पायपीट केली ते त्यालाच ठाऊक. पडदा मिळाला, स्टिक मिळाली. थ्रॉटल मिळेना. एका भंगारवाल्याकडे मूळ थ्रॉटलचा नुसता डबा होता, आत पोकळ. दुसऱ्यानं दोन बटणं देऊ केली, एक वेग वाढवायला आणि एक कमी करायला. ताईंनी ती हातातसुद्धा घेतली नाहीत.

"बटणावर लिफ्ट चालते," त्या म्हणाल्या. "विमान नाही."

म्हणून दांडा घरीच करायचा ठरला. नवरा ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करतो. त्यानं एका मोडक्या खुर्चीचा हात कापून दांडा केला आणि सांध्यात फेल्टची चकती घातली, म्हणजे दांडा सोडाल तिथे थांबेल. आतलं काम माझं. मी अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करते. थ्रॉटलच्या आत पॉट लागतो. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे जो फिरणारा भाग असतो, तोच. दांडा हलला की पॉट फिरतो आणि बोर्डाला कळतं किती वेग हवा आहे. माझ्या डब्यात पॉटांना तोटा नाही. त्यातला सगळ्यात चांगला, नवाकोरा, मी ताईंसाठी काढला. मीटर लावून पाहिलं. दांडा मागे, शून्य. दांडा पुढे, पूर्ण. माझ्या लेखी काम झालं.

"हा मधे खोटं बोलतो," ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "अर्ध्यावर ठेवला तरी विमान झोपलेलं. पुढे जरासा सरकवला की उधळतं."

"मीटर खोटं बोलत नाही," मी म्हणाले. पुढे काय झालं ते सांगितलंच आहे.

त्या दुपारी यंत्र माझ्या कामाच्या खोलीतच होतं, खिडकीला जाड चादर लावून. एरवी ताई हेडफोन घालून खेळायच्या. मला कामात ती टिवटिव नको म्हणून मीच तो त्यांना दिला होता. आज नवरा म्हणाला, मलाही ऐकू दे, आणि त्यानं माझ्या टेबलावरचा एक स्पीकर जोडला. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. समोर एक अँप्लिफायर उघडा होता आणि मी त्यातला एकच स्क्रू काढत होते आणि लावत होते. खोलीतून बाहेर जावं तर तेही जमेना.

विमान उडालं. समुद्र गेला, ढग गेले. नवरा मधून मधून "छान, छान" म्हणत होता आणि ताई त्याला गप्प करत होत्या. टेबलासमोरच्या कपाटाच्या काचेत मला ताईंचं प्रतिबिंब दिसत होतं. त्या पडद्याच्या अगदी जवळ वाकल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं खांद्यानं डोळा पुसत होत्या. त्यांची नजर विमानावर नव्हतीच. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा काटा असतो, त्यावर होती. दांडा हाताला खरं सांगत नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी काटा बघून खात्री करावी लागत होती. तो काटा नखाएवढा. दोन डोळ्यांच्या माणसालाही कठीण.

आणि मग मी आवाज ऐकला.

इंजिनाचा आवाज मी महिनाभरात एकदाही ऐकला नव्हता. ताईंनी दांडा मागून हळूहळू पुढे नेला, एकसारखा, अजिबात घाई न करता. इंजिन कुजबुजत राहिलं, कुजबुजत राहिलं, अर्ध्याच्या पुढे गेलं तरी कुजबुजतच राहिलं, आणि मग शेवटच्या तुकड्यात एकदम किंचाळलं. ही चाल मला पाठ होती. माझं अर्धं आयुष्य ही चाल ऐकण्यात गेलंय. आवाजाच्या बटणाचा पॉट मुद्दाम असाच बनवतात. सुरुवातीच्या अर्ध्या फेरीत जेमतेम देतो आणि उरलेलं सगळं शेवटी ओततो, कारण कानाला तसंच सारखं वाढल्यासारखं वाटतं. विमानाला कान नसतात. विमानाला सरळ पॉट लागतो, अर्ध्याला अर्धं देणारा. मी हाताच्या सवयीनं डब्यातून आवाजाचा उचलला होता आणि दोन्ही टोकं तपासून मोकळी झाले होते. टोकांना दोन्ही पॉट सारखेच असतात. मधलं मी पाहिलंच नव्हतं.

माझ्या हातातून स्क्रू पडला. ताई महिनाभर खरं सांगत होत्या आणि मी त्यांच्या डोळ्यावर ढकललं होतं. गप्प बसायची संधी होती, हे खोटं कशाला बोलू. त्या इथवर आल्याच होत्या, कदाचित पुढेही गेल्या असत्या. पण उतरताना दांडा अर्ध्याच्या आसपासच लागतो, आणि तिथेच हा पॉट दगा देणार होता. डोळ्याला पाण्याची धार लागली होती. दुसरा डाव तो डोळा देणार नव्हता, आणि उद्याचा दिवस आपल्या हातात नव्हता.

"ताई," मी म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा थेट. "खोट दांड्यातच आहे. मी चुकीचा पॉट घातलाय. आवाजाचा."

ताईंनी मान वळवली नाही. "हे आत्ता सांगतेस?"

"आत्ता ऐकलं."

"मिस्त्रीण आहेस की कोण आहेस," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या मला मिस्त्रीण म्हणतात. मग लगेच, "दुरुस्त होतं?"

"होतं. एक लहानसा रेझिस्टर मधल्या पायाला आणि वरच्या पायाला जोडला की पॉट बराचसा सरळ होतो. यंत्र बंद करायची गरज नाही."

"मग वाट कसली बघतेस?"

"जोडताना दांडा मधे असला तर वेग एकदम दुप्पट-तिप्पट होईल आणि विमान आपटेल. दांडा पूर्ण पुढे असेल तरच काही फरक पडणार नाही. मी सांगेपर्यंत पूर्ण पुढे धरून ठेवावा लागेल."

"पुढे दरी आहे," नवरा म्हणाला. "दरीतून पूर्ण वेगानं कोणी जात नाही, ताईसुद्धा नाही. दरी संपल्यावर कर ना."

"दरी संपली की उतरणच आहे, बारक्या," ताई म्हणाल्या. "मग हिला वेळ कुठला? दरीतच करायचं. तू माझ्याशेजारी बस आणि भिंती सांग. डावी आली तर डावी म्हण, उजवी आली तर उजवी. गोष्ट सांगत बसू नकोस."

मी यंत्राच्या खालचं झाकण काढलं आणि आत शिरले. शिरले म्हणजे डोकं आणि दोन हात, बाकी सगळी बाहेर जमिनीवर. टॉर्च दातात धरली. पॉटचे तीन पाय माझ्या नाकासमोर होते आणि त्यांच्यामध्ये भाताच्या दाण्याएवढी जागा. तारा डकवायचं सोल्डरिंग आयर्न तापवत ठेवलं होतं, पण त्याचा प्लग काढूनच हात लावायचा होता. प्लग राहिला आणि टोक भलतीकडे टेकलं, तर बोर्ड एका क्षणात बंद पडून खेळ पहिल्यापासून. आणि प्लग काढला की आयर्न गार व्हायला लागतं. म्हणजे दोन टाके, आणि तेही पटकन.

"दरी आली," नवरा म्हणाला.

"धरतेय," ताई म्हणाल्या आणि डोक्यावर दांडा शेवटपर्यंत गेल्याचा ठक् आवाज झाला. इंजिन किंचाळायला लागलं.

मी पायानं प्लग ओढला. तशी सवय आहे मला. रेझिस्टरची एक तार मधल्या पायाला टेकवली, वर टोक ठेवलं, सोल्डरचा धातू वितळला आणि चकाकला. पहिला टाका बसला. वरून नवऱ्याचा आवाज येत होता, डावी, डावी, उजवी, आणि त्याचा आवाज पार चिरकला होता. हा माणूस रस्ता ओलांडताना माझा हात धरतो. पण एकही भिंत त्यानं चुकवली नाही.

"झालं का?" ताई.

"दुसरा राहिलाय." टॉर्च दातात, त्यामुळे काय ऐकू गेलं असेल देव जाणे.

दुसरी तार वरच्या पायाला टेकवली. टोक ठेवलं. सोल्डर मऊ झालं, पण वाहिलं नाही. आयर्न गार होत होतं. मी दाबलं, टोक जरा फिरवलं. सोल्डरचा नुसता खडा झाला, तारेवर बसलेला, पायाला न चिकटलेला.

"डोंगर," नवरा म्हणाला. "ताई, समोर डोंगर. वेग कमी करावाच लागेल."

"मिस्त्रीण?"

दुसऱ्यांदा तापवायला वेळ नव्हता. मी आयर्न टाकून दिलं आणि अंगठ्यानं तार पायावर दाबून धरली. तार अजून गरम होती. अंगठा भाजला आणि डोळ्यात पाणी आलं, पण हात हलवला नाही.

"सोडा," मी म्हणाले. "आता अर्ध्याला अर्धं मिळेल."

दांडा मागे आला. इंजिनाचा आवाज त्याच्याबरोबर, त्याच चालीनं, मागे आला. ना दबकत, ना उधळत. ताईंच्या तोंडून फक्त "हां" असं निघालं. मी तो सूर ओळखते. एखादा बिघडलेला स्पीकर पुन्हा नीट बोलायला लागला की मीही असंच म्हणते.

मग उतरण सुरू झाली. मला काही दिसत नव्हतं. माझ्यासमोर तीन पाय, एक अंगठा आणि एक तार होती. अंगठा जरा ढिला पडला असता तर पॉट पुन्हा आवाजाचा झाला असता आणि अर्ध्यावर ठेवलेला दांडा बोर्डाला जवळजवळ शून्य वाटला असता. विमान दगडासारखं पडलं असतं. दंडाला कळ लागली, मान आखडली, नाकावर घाम येऊन खाज सुटली. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. वर नवराही गप्प झाला होता. मला वाटलं, आता सांगायला भिंती नाहीत म्हणून असेल.

इंजिन उतरत गेलं. ताई दांडा कणाकणानं मागे घेत होत्या आणि प्रत्येक कण मला ऐकू येत होता. मग एक लहानसा दणका, एक घरंगळल्यासारखा आवाज, आणि शांतता. इंजिन बंद झालं होतं.

"उतरलं?" मी खालून विचारलं.

"उतरलं," ताई म्हणाल्या.

मी अजूनही अंगठा सोडला नव्हता. काही सुटलं तर पडद्यावरचं जाईल अशी भीती वाटत होती. "ताई, काय दिसतंय? सांगा ना. मला इथून हलता येत नाही."

ताईंनी जरा वेळ घेतला.

"धावपट्टी आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना दिवे आहेत. एक छोटी खोली आहे, बैठी. तिच्या दारात एक बाई उभी आहे. रुमाल हलवतेय."

"कुठल्या रंगाचा?"

"पिवळा."

"अगं ताई, पण..." नवरा म्हणाला.

"बारक्या, तू गप्प बस. एवढ्या भिंती सांगितल्यास तेवढं पुरे." मग खाली वाकून मला, "सोड आता. आणि उठ. अंगठ्याला पाणी लाव. भाजल्याचा वास वरपर्यंत आलाय."

मी बाहेर आले तेव्हा पडद्यावर खेळ पहिल्यापासून सुरू झाला होता, निळा समुद्र आणि दोन ढग. ताईंचा डोळा लाल झाला होता आणि गाल ओला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बघितलं ना मी? मग झालं तर." मी रडले. त्या रडल्या नाहीत. नवरा टेबलाशी उभा राहून गार आयर्न फडक्यानं पुसत होता. गार आयर्न कोण पुसतं?

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा ताईंना उजेड आणि अंधार कळत होता, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळत होती. त्यापुढे काही नाही. डॉक्टर म्हणाले, एवढंच राहील. ताई म्हणाल्या, मला जे बघायचं होतं ते आदल्या दिवशी बघून झालंय. त्यांचं हे वाक्य मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. माझी चूक तेवढ्यात भरून निघाली, असं मला वाटायचं.

मी सरळ पॉट आणून बसवला. ताईंनी दांडा एकदा मागे-पुढे केला आणि म्हणाल्या, "आता हा खरं बोलतो. बस, तुला शिकवते."

मी आयुष्यात कधी असले खेळ खेळले नव्हते. पहिले कित्येक दिवस विमान समुद्रातच. ताई शेजारी बसायच्या, माझ्या डाव्या हातावर त्यांचा हात, आणि इंजिन ऐकून सांगायच्या. जास्त झालं. अजून कमी. किती घट्ट धरतेस, तो काय पळून जातोय? मी चिडायचे, दांडा सोडून उठायचे, दुसऱ्या दिवशी परत बसायचे. समुद्र संपला, मग ढग संपले, मग दरी जमायला लागली. मला ती बाई बघायची होती. पिवळा रुमाल बघायचा होता. त्यासाठी मी टेबलावर दुरुस्तीचं काम तसंच ठेवून खेळायला बसत होते.

आणि एका दुपारी विमान उतरलं. चाकं टेकली, घरंगळली, इंजिन बंद पडलं. माझा हात अजून दांड्यावरच होता, त्यावर ताईंचा हात.

पडदा काळा झाला. मधोमध गुणांचा आकडा आला. आकडा गेला आणि निळा समुद्र परत आला, दोन ढगांसकट.

धावपट्टीवर दिवे नव्हते. खोली नव्हती. बाई नव्हती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात तिरका उभा होता आणि त्यानं मान खाली घातली. तेव्हा मला सगळं कळलं. उतरणीवर तो गप्प झाला होता, कारण शेजारून त्याला ताईंचा डोळा दिसत होता. त्यांना पडदाच दिसत नव्हता. तो काटा बघून बघून पाण्यानं डोळा भरला होता आणि त्या नुसत्या आवाजावर उतरल्या होत्या. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. मी खालून विचारलं, आणि माझ्या चुकीपायी आपलं बघायचं राहिलं हे मला कळू नये, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक बाई उभी केली. आणि इतके दिवस तिला उभी ठेवली. मला आधी राग आला. मग राग कोणावर काढायचा तेच कळेना.

ताईंचा हात माझ्या हातावर तसाच होता. त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या. इंजिन बंद झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं.

"उतरलीस," त्या म्हणाल्या. मग एरवी त्या बोलत नाहीत अशा बारीक आवाजात, "आली का गं ती बाई?"

"आली," मी म्हणाले. "दारातच उभी आहे. रुमाल हलवतेय."

"पिवळा?"

"पिवळाच आहे, ताई."